शंभर टक्के ते शंभर पर्सेंटाइल : दिल्लीतील प्रवेश-गुणांचा प्रवास

२०११ साली दिल्ली विद्यापीठाच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सची पहिली कट-ऑफ यादी लागली आणि देशभर खळबळ उडाली. बारावीला वाणिज्य शाखा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी बी.कॉम. ऑनर्सची मर्यादा होती १०० टक्के. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, हिंदू आणि रामजस महाविद्यालयांतही काही विषयांसाठी हीच अट आली. त्या वर्षी महामारीमुळे सीबीएसईची बारावीची परीक्षा झालीच नव्हती. दहावी, अकरावी आणि बारावीतील कामगिरीला अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन निकाल तयार झाला होता.

मूळ प्रश्न मात्र जुनाच होता. निरनिराळ्या मंडळांचे प्रश्न, तपासणी आणि गुणवाढीचे धोरण वेगळे असताना एका मंडळाचे ९५ टक्के दुसऱ्याच्या ९५ टक्क्यांइतके कसे मानायचे?

त्यावर एक उपाय होता मंडळांचे गुण तुल्य करण्याचा. महाराष्ट्राने २००९ मध्ये अकरावी प्रवेशासाठी पर्सेंटाइल सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. २०१३ पासून जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना, पर्सेंटाइलच्या आधारे तुल्य करून, ४० टक्के भार मिळू लागला. २०१७ पासून तोही काढून टाकण्यात आला.

दुसरा उपाय म्हणजे सर्वांना एकच परीक्षा. २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी आली आणि दिल्ली विद्यापीठात बारावीचे गुण पात्रतेपुरते व बरोबरी सोडवण्यापुरते उरले. पण परीक्षा एक असली तरी प्रश्नपत्रिका एक नव्हती. जुलै-ऑगस्टमध्ये अनेक सत्रांत ती झाली आणि तुलनेचा प्रश्न नव्या रूपात परतला.

त्याचे उत्तर पुन्हा पर्सेंटाइलमध्येच शोधले गेले. एका सत्रातील १०,००० परीक्षार्थींपैकी ९,००० जणांचे गुण एखाद्या विद्यार्थ्याइतके वा त्याहून कमी असतील, तर त्याचे पर्सेंटाइल ९०. समजा, पहिल्या सत्रात ९० पर्सेंटाइलला १५० गुण पडतात आणि दुसऱ्यात १३०. समपर्सेंटाइल पद्धतीत या दोन्हींची सरासरी काढून दोघांनाही १४० गुण दिले जातात. म्हणूनच २०२२ च्या निकालात अनेकांना आपले गुण ‘कापले गेले’ असे वाटले, तर काहींचे गुण वाढले.

या गणितामागे एक गृहीतक आहे : दोन्ही सत्रांतील परीक्षार्थींची एकूण क्षमता सारखी असावी. गट मोठे असतील आणि त्यांची विभागणी यादृच्छिक असेल, तर हे गृहीतक टिकते. गट लहान असेल, किंवा विशिष्ट प्रदेशाचे अथवा शाखेचे विद्यार्थी एकाच सत्रात एकवटले असतील, तर अवघड प्रश्नपत्रिका आणि दुबळा गट यांतील भेद सूत्राला कळत नाही. अशा वेळी एखाद-दुसऱ्या गुणाच्या फरकाने प्रवेश हुकला, तर त्याचे कारण विद्यार्थ्याच्या अभ्यासात सापडेलच असे नाही.

२०११ चे शंभर टक्के म्हणजे पैकीच्या पैकी गुण. आजचे शंभर पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात त्या विषयात त्याहून वर कोणी नाही, इतकेच. अर्जावरचा आकडा तोच दिसतो. तो मोजतो ती गोष्ट मात्र बदलली आहे. म्हणून निकालपत्रात मूळ गुण, पर्सेंटाइल आणि तुल्य गुण हे तिन्ही शेजारी शेजारी छापणे, ही विद्यार्थ्याला न्याय्य वाटेल अशी किमान पारदर्शकता आहे.