घटसर्पाच्या जंतूपासून ज्वालामुखीच्या बेटापर्यंत : उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांच्या लोहनियमनाच्या शोधाचा इतिहास

उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक अमेरिकेतील यलोस्टोनपासून आरंभ करतात. थॉमस ब्रॉक यांनी 1966 साली तेथील उष्ण झऱ्यातून नमुने गोळा केले. 1969 साली हडसन फ्रीझ यांच्यासमवेत त्यांनी 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. आणि 1988 पासून त्या जिवाणूच्या उष्णतारोधक विकरामुळे पीसीआर हे तंत्र सुलभ झाले. हा इतिहास खरा आहे. परंतु तो मुख्यतः विकराचा इतिहास आहे. हे जीव आपला निर्वाह कसा करतात, या प्रश्नाला त्यात गौण स्थान मिळाले. लोहाच्या ग्रहणाचे नियमन हा असाच एक प्रश्न होय. त्याचा माग घेऊ लागल्यास आपण उष्ण झऱ्याकडे न जाता घटसर्पाच्या जंतूकडे जाऊन पोहोचतो. हा वळसा कसा पडला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लोह हे जीवपेशीला अत्यावश्यक आणि तितकेच धोकादायक आहे. श्वसनातील अनेक प्रथिने त्यावाचून चालत नाहीत. मात्र पेशीत ते मोकळे व जास्त झाले, तर ऑक्सिजनच्या संगतीने डीएनएची हानी करणारे मूलक निर्माण होतात. शिवाय हवेच्या सान्निध्यात लोह गंजरूपाने अविद्राव्य होते. म्हणजे बाहेर टंचाई आणि आत भय. अशा स्थितीत केवळ ग्रहणाची सोय असून भागत नाही. ग्रहण थांबविण्याचीही सोय लागते.

या सोयीची पहिली चाहूल वैद्यकाला लागली. 1936 साली पॅपेनहायमर आणि जॉन्सन यांनी दाखवून दिले की, वाढीच्या माध्यमातील लोहाचे प्रमाण थोडे वाढले तरी घटसर्पाचा जंतू विष निर्माण करीत नाही. हे निरीक्षण अर्धशतकाहून अधिक काळ कारणाविना राहिले. दरम्यान 1981 साली क्लाउस हांटके यांनी आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूत लोहग्रहणाचे नियमन करणाऱ्या 'फर' जनुकाचे कार्य उलगडले. अखेर 1990 साली जॉन मर्फी व सहकाऱ्यांनी घटसर्पाच्या जंतूतील नियामक प्रथिनाचे जनुक वेगळे केले. 'डीटीएक्सआर' या नावाने ते ओळखले जाते. लोह जोडले गेले की हे प्रथिन डीएनएच्या ठरावीक भागाला चिकटते आणि जनुकाचे वाचन रोखते. लोह घटले की ते सुटते. 1995 साली क्षयाच्या जंतूतही त्याचे भावंड सापडले. तोवर हा सारा विषय रोगजंतूंचाच मानला जात होता.

त्यास खरा धक्का इटलीजवळील व्हल्कानो बेटाने दिला. तेथील समुद्रतळाच्या उष्ण उद्गमांतून कार्ल श्टेटर यांच्या गटाने 'आर्किओग्लोबस फुल्गिडस' हा आर्किया गटातील सूक्ष्मजीव मिळविला होता. सुमारे 83 अंश सेल्सियसला तो सर्वांत चांगला वाढतो, आणि ऑक्सिजन त्याला वर्ज्य आहे. 1997 साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी स्टीफन बेल, स्टीफन जॅक्सन व सहकाऱ्यांनी त्यातील 'एमडीआर1' या धातूवर अवलंबून असलेल्या नियामकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्रथिन डीटीएक्सआरच्याच कुळातील निघाले.

येथे क्षणभर थांबणे योग्य ठरेल. आर्कियांची जनुकवाचनाची मूळ यंत्रणा जिवाणूंपेक्षा आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी जीवांच्या यंत्रणेशी अधिक जुळते. तिच्यावर नियंत्रण ठेवणारी ही कळ मात्र जिवाणूंच्या घडणीची आहे. आरंभिक प्रथिने डीएनएवर बसू शकतात, परंतु एमडीआर1 पुढे आरएनए पॉलिमरेजला येऊ देत नाही. दोन भिन्न घराण्यांची सामग्री एकाच पेशीत नांदते, हे वंशवृक्ष सरळ रेषेत काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

दुसरे उदाहरण कुजणाऱ्या पालापाचोळ्याच्या तापलेल्या ढिगाऱ्यातले आहे. त्यात वाढणारा 'थर्मोबिफिडा फुस्का' हा जिवाणू सेल्युलोज फोडणाऱ्या विकरांसाठी नावाजलेला होता. म्हणजे येथेही आधी विकरच! 2008 साली संशोधकांनी त्याच्या जनुकसंचात एक अनोळखी जनुकसमूह हेरला आणि त्यावरून 'फुस्काकेलिन' ही लोह पकडून आणणारी संयुगे वेगळी केली. रोगजंतूंच्या अभ्यासात आधी लक्षण दिसले आणि जनुक फार उशिरा हाती आले. येथे क्रम उलटा झाला.

दोन्ही जीवांची परिस्थिती मात्र एकसारखी नाही. ढिगाऱ्यात हवा खेळती असते. तेथे लोह दुर्मीळ होते व ते धरून आणावे लागते. व्हल्कानोच्या उद्गमात ऑक्सिजन नसल्याने लोह विद्राव्य राहू शकते. पण आर्किओग्लोबस स्वतःच सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतो, आणि त्याच्या योगाने लोह सल्फाइडरूपाने खाली बसते. तेव्हा एमडीआर1 ची कळ विपुलतेपासून बचावासाठी आहे की स्वतः ओढवून घेतलेल्या टंचाईसाठी, याचे उत्तर केवळ जनुकसंच वाचून मिळणार नाही. त्यासाठी उद्गमाच्या पाण्याचे रसायन पुन्हा तपासावे लागेल.