शर्करेचा इंग्रजी गोतावळा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात, जिथे अडत्याच्या पेढीपुढे गुळाच्या ढेपा रचलेल्या असतात आणि गिऱ्हाईक ढेपेचा तुकडा बोटांत चुरगाळून त्याचा रवा पारखते, तिथे शेजारीच साखरेच्या पोत्यांची थप्पी असते. परंतु इंग्रजीतील ‘जॅगरी’ आणि ‘शुगर’ हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘शर्करा’चे वंशज आहेत, याची दखल फारशी कोणी घेत नाही. शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, रेती. रवाळपणाच्या साधर्म्याने ते नाव उसाच्या साखरेस मिळाले. पुढे फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मग लॅटिन व फ्रेंच असा दीर्घ प्रवास करून तिची ‘शुगर’ झाली. दुसऱ्या शाखेचा मार्ग मला अधिक विलक्षण वाटतो: ती मलबारात मल्याळम ‘चक्करा’ होऊन राहिली आणि मिरीच्या व्यापारासाठी आलेल्या पोर्तुगीजांच्या तोंडी ‘जागरा’ बनून इंग्रजीत शिरली. बाजारातला आपला ‘लिलाव’ही त्याच पोर्तुगीजांचा. ‘साखर’ मात्र प्राकृत ‘सक्करा’वरून आली, म्हणजे घरातच वाढली, आणि ‘कँडी’ ही संस्कृत ‘खंड’ शब्दाची, फारसी ‘कंद’ व अरबी ‘कंदी’ यांच्या मार्गे विलायतेस पोहोचलेली लेक होय.