टेस्टोस्टेरॉन न्यूनता

टेस्टोस्टेरॉन न्यूनता ही प्रौढ पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पुरेशी निर्मिती न झाल्याने उद्भवणारी अवस्था होय. केवळ लक्षणांवरून किंवा केवळ एका रक्तचाचणीवरून तिचे निदान करता येत नाही. दोहोंचा मेळ बसावा लागतो.

कारणे

मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला आणि ती ग्रंथी एलएच या संप्रेरकाद्वारे वृषणांतील लायडिग पेशींना चालना देते. बिघाड वृषणांत असल्यास न्यूनता प्राथमिक, तर मेंदूकडील नियंत्रणात असल्यास दुय्यम मानली जाते. क्लाइनफेल्टर संलक्षण, गालगुंडानंतरचा वृषणदाह व केमोथेरपी ही पहिल्या प्रकाराची कारणे आहेत. पियुषिकेतील गाठ, स्थूलता, अफूजन्य वेदनाशामके आणि शरीरसौष्ठवासाठी घेतलेली स्टेरॉइड यांमुळे दुसरा प्रकार उद्भवतो.

लक्षणे

कामेच्छा मंदावणे, पहाटेची लिंगताठरता कमी होणे, दाढी व अंगावरील केस विरळ होणे, स्तनांची वाढ, वृषण आकसणे आणि किरकोळ आघातानेही हाड मोडणे ही सूचक लक्षणे आहेत. थकवा, उदासी व एकाग्रतेचा अभाव मात्र मधुमेह, नैराश्य, थायरॉइडचे विकार किंवा अपुरी झोप यांतही आढळतो.

चाचणी

टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वाधिक असते व खाण्याने घटते. म्हणून रक्ताचा नमुना सकाळी, सुमारे १० वाजण्यापूर्वी, उपाशीपोटी घेतात. पहिली पातळी कमी आढळल्यास वेगळ्या दिवशी चाचणी पुन्हा करतात. तीव्र आजारात पातळी तात्पुरती खालावते, त्यामुळे त्या काळात चाचणी टाळतात. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण टेस्टोस्टेरॉन प्रति डेसिलिटर ३०० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असणे न्यूनतेचे निदर्शक आहे. प्रयोगशाळेनुसार संदर्भमर्यादा बदलू शकते. स्थूल व्यक्तींत वाहक प्रथिन घटल्याने एकूण पातळी फसवी ठरू शकते; अशा वेळी मुक्त टेस्टोस्टेरॉन पाहतात. न्यूनता निश्चित झाल्यावर एलएच व एफएसएच मोजतात. ती वाढलेली असल्यास दोष वृषणांत, तर कमी किंवा सामान्य असल्यास मेंदूकडील नियंत्रणात असतो.

उपचार

मूळ कारण दूर करणे व वजन घटवणे यांस प्राधान्य असते. टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन किंवा जेलच्या रूपात देतात. बाहेरून मिळालेल्या संप्रेरकामुळे पियुषिकेकडून होणारी चालना थांबते आणि शुक्राणूंची निर्मिती घटते. त्यामुळे नजीकच्या काळात अपत्य हवे असलेल्या पुरुषास हा उपचार देत नाहीत. उपचारकाळात रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण व पुरःस्थ ग्रंथी यांची नियमित तपासणी आवश्यक असते.