लॅव्हेंडर टाउनचा म्यूट केलेला आवाज

नववीची परीक्षा संपली आणि मी सांगलीला मावशीकडे गेलो. मावसभाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याच्या कम्प्युटरवर एम्युलेटर होता आणि त्यात पोकेमॉन रेड. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन बघत आम्ही मोठे झालो, पण ओळखीत कुणाकडेच गेमबॉय नव्हता. कीबोर्डवर का होईना, खेळायला मिळतंय यातच सगळं आलं. दुपारभर खेळून मी अंधाऱ्या रॉक टनेलमधून बाहेर पडलो, तेवढ्यात दादा जेवता जेवता ओरडला, "पुढचं गाव आलं की स्पीकर बंद कर! त्या म्युझिकने जपानमध्ये दोनशे पोरं मेलीत."

मी स्पीकर बंद केला. पुढची कित्येक वर्षं तो खेळ मी अनेकदा खेळलो, आणि प्रत्येक वेळी त्या गावात शिरण्याआधी माझा हात आपोआप म्यूटच्या बटणाकडे जायचा.

ही अफवा तुम्हीही ऐकली असेल. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन आला, लॅव्हेंडर टाउनच्या संगीतात लहान मुलांनाच ऐकू येणारे अतिउंच स्वर होते, ते ऐकून मुलांनी आत्महत्या केल्या, कंपनीने प्रकरण दाबलं, वगैरे. मेलेल्या मुलांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. असं काहीही घडलेलं नाही. ही गोष्ट २०१०च्या आसपास इंटरनेटवर कुणीतरी रचली, म्हणजे खेळ येऊन १४ वर्षं झाल्यावर. पण ती पटते, कारण तिच्या शेजारी एक खरी घटना उभी आहे. १६ डिसेंबर १९९७ला जपानी टीव्हीवर पोकेमॉन मालिकेचा ३८वा भाग लागला. त्यात एका स्फोटाच्या दृश्यात लाल-निळा प्रकाश फार वेगाने लुकलुकला आणि त्या संध्याकाळी ६८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. बहुतेक सगळी मुलंच. मालिका जवळपास चार महिने बंद राहिली. त्रास झाला तो डोळ्यांवाटे, टीव्हीमुळे. खेळाचा आणि संगीताचा त्याच्याशी संबंध नव्हता. अफवेने फक्त पत्ता बदलला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या खोट्या गोष्टीने त्या संगीताची खरी गोष्ट पार झाकून टाकली. आणि खरी गोष्ट निदान आमच्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्यांना तरी जास्त थरारक वाटेल.

पोकेमॉन रेड आणि ग्रीनचं संगीत जुनिची मासुदा यांनी केलं. शाळेत असताना ते ट्रॉम्बोन वाजवायचे, स्ट्राविन्स्की आणि शोस्ताकोविच ऐकायचे. पुढे शिकले मात्र कम्प्युटर ग्राफिक्स आणि सी लँग्वेज. सातोशी ताजिरी 'गेम फ्रीक' नावाचं व्हिडिओ गेमचं छोटंसं मासिक काढायचे. १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी झाली, तेव्हापासून मासुदा तिथे. माणसं इतकी कमी की संगीतकार हाच प्रोग्रामर. पोकेमॉनचं काम १९९०च्या सुमारास सुरू झालं आणि खेळ बाजारात आला २७ फेब्रुवारी १९९६ला. मधल्या सहा वर्षांत पैसे संपत आले, काही लोक सोडून गेले, कंपनी जगवायला दुसरे खेळ करावे लागले.

सगळं काम सनच्या युनिक्स मशीनवर चालायचं आणि ती मशीन वरचेवर क्रॅश व्हायची. एकदा अशी झाली की सगळे पोकेमॉन, नायक, सगळा डेटा आतच अडकला. मासुदांनी नंतर मुलाखतीत सांगितलंय की हे परत मिळालं नाही तर आपण संपलो, असंच त्यांना वाटलं होतं. त्यांनी जुन्या ओळखीच्या कंपनीत विचारलं, त्या काळच्या ऑनलाइन सेवेवर प्रश्न टाकले, इंग्रजी पुस्तकं धुंडाळली आणि डेटा परत आणला. गिट नाही, क्लाउड नाही. आमच्याकडे एक ब्रँच चुकून डिलीट झाली तरी तासाभराची मीटिंग होते.

आता वाद्याकडे येऊ. गेमबॉय १९८९चा. त्याला एकाच वेळी फक्त चार आवाज काढता येतात. पहिले दोन स्क्वेअर वेव्हचे, म्हणजे तो ओळखीचा टोकदार 'पीं' आवाज. तिसऱ्यात लहरीचा आकार स्वतः आखता येतो, पण ३२ ठिपक्यांत आणि प्रत्येक ठिपक्याला १६ पातळ्या. म्हणजे सगळं वाद्य १६ बाइटचं. चौथ्यात नुसती खरखर, तिचे ड्रम करायचे. जागेची अशी मारामार की शेवटी डीबगिंगचा कोड काढल्यावर ३०० बाइट मोकळे झाले, तर त्यात शिगेकी मोरिमोतो यांनी म्यू हा पोकेमॉन बसवला. हा परिच्छेदच ३०० बाइटमध्ये मावणार नाही.

मासुदा घरी अमिगा कम्प्युटरवर चाली बांधायचे आणि स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने त्या गेमबॉयच्या भाषेत उतरवायचे.

चाहत्यांनी या खेळाचा कोड उलगडून ऑनलाइन ठेवला आहे. मागच्या वर्षी नोकरी बदलताना मधे पंधरा दिवस मिळाले, तेव्हा मी त्यातला आवाजाचा भाग वाचत बसलो. (गोव्याला जायचं ठरलं होतं. राहिलं.) प्रोग्रामच्या हिशेबात तिथे आठ चॅनल आहेत, चार संगीताचे आणि चार इफेक्टचे. खरे मात्र चारच. तुम्ही भिंतीला धडकलात किंवा मेनूचं बटण दाबलंत की इफेक्ट येऊन संगीताचा एक चॅनल हिसकावून घेतो. पण संगीताचा तो चॅनल थांबत नाही. तो मुका होऊन मनात मात्रा मोजत राहतो आणि इफेक्ट संपला की बरोबर त्या जागेवर परत गाऊ लागतो. गवई पाण्याचा घोट घेतो तेव्हा ठेका चालू असतो आणि तो पुन्हा समेवर बरोबर येतो, तसंच. लढाईत तुमचा पोकेमॉन मरायला टेकला की जो कर्कश बीप सुरू होतो, तोही असाच एक चॅनल खाऊन. ऐन संकटात संगीत खरोखरच विरळ होतं. हे ठरवून केलं की नाइलाजाने झालं, त्याने ऐकणाऱ्याला फरक पडत नाही.

पोकेमॉनच्या आरोळ्यांचंही तेच. पोकेमॉन १५१, पण मूळ आरोळ्या फक्त ३८. प्रत्येकीचा स्वर आणि लांबी थोडी बदलून १५१ घशांत वाटलेल्या. आग ओकणारा चारिझार्ड आणि गेंड्यासारखा रायहॉर्न यांना तर सरळ एकच आरोळी मिळाली आहे. ही काटकसर पोटतिडकीची आहे. जंगलात पोकेमॉन समोर आला की सगळे कोमल-तीव्र स्वर घसरत खाली येतात आणि धून धावत सुटते. तिला ड्रम नाहीत. चौथा चॅनल गप्प आहे आणि तरी छाती धडधडते, कारण ठेक्याचं काम खालच्या स्वरांना लावलंय.

आणि लॅव्हेंडर टाउन. शेवटी एका रात्री हेडफोन लावून ऐकलं. गेमबॉयचा स्पीकर एकच, पण हेडफोनमध्ये डावा-उजवा आवाज वेगळा येतो, हेही मला तेव्हाच कळलं.

घरात पेटी असेल तर वाजवून बघा. सा, प, नी, आणि खाली उतरताना पंचमावर विसावण्याऐवजी त्याच्या अगदी बाजूचा तीव्र मध्यम. बस, हेच चार स्वर, घड्याळासारखे, न थांबता. सा आणि प म्हणजे तंबोऱ्याची जोडी, तिथे कानाला घर सापडतं. चौथा स्वर त्या घराच्या उंबऱ्याशी येतो आणि आत पाऊल ठेवत नाही. वरून दुसरी धून येते, जाते, हे चार स्वर तिला अजिबात दाद देत नाहीत.

खेळात या गावी येईपर्यंत पोकेमॉन फक्त बेशुद्ध पडतात आणि दवाखान्यात नेले की टुणटुणीत होतात. इथे पहिल्यांदा कळतं की ते मरतात. गावात सात मजली मनोरा आहे, ती त्यांची दफनभूमी. मारली गेलेली एक आई तिथे भूत होऊन वाट अडवते आणि तिचं पोर, क्यूबोन, मागे उरलेलं आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगायचं होतं, तेही करड्या-हिरव्या चार छटांच्या बोटभर पडद्यावर. चित्रातून फारसं सांगता येणार नव्हतं. ते ओझं चार स्वरांवर आलं.

मुलांना त्या गावात खरंच भीती वाटली असणार. अफवा रचणाऱ्याने तीच भीती उचलली. फक्त तिचं श्रेय चालीला देण्याऐवजी त्याने अदृश्य लहरींना दिलं.

मासुदांनी पुढे मालिकेतले अनेक खेळ दिग्दर्शित केले आणि २०२२ मध्ये गेम फ्रीक सोडून ते द पोकेमॉन कंपनीत गेले. नंतरच्या आवृत्त्यांत लॅव्हेंडर टाउनची चाल पुष्कळदा नव्याने वाजवली गेली, चांगल्या वाद्यांवर, भरपूर जागेत. मला १६ बाइटवालीच आवडते.

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. दादा आता दोन मुलींचा बाप आहे. गच्चीवर बसलो असताना मी फोनवर ती धून लावली. त्याने पूर्ण ऐकली, मग विचारलं, "हे कुठलं?"

"लॅव्हेंडर टाउन."

"असं आहे होय ते," तो म्हणाला. "मीपण कधी ऐकलंच नव्हतं रे. मलाही वर्गातल्या एकाने सांगितलं होतं, स्पीकर बंद कर म्हणून."