बेलापूरचा गवताळ ऊस आणि कायद्याने आखलेले वर्तुळ

साल १९४९. अहमदनगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर) बेलापूर परिसरातील उसात एका विचित्र रोगाची नोंद झाली. उसाच्या बेटातून जाड कांड्यांऐवजी गवतासारखे बारीक, फिकट, पांढुरके फुटवे निघत. फुटव्यांची संख्या भरमसाट, पण गाळपास योग्य असा ऊस जवळजवळ नाही. भारतातील ‘गवताळ वाढ’ रोगाची ही पहिली नोंद मानली जाते.

(हे बेलापूर नवी मुंबईतले नव्हे. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाचे नाव आजही बेलापूरच आहे.)

रोग येथेच का दिसावा? १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी दुष्काळी पट्ट्याचे रूप पालटले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना व त्याचे विस्तीर्ण ऊसमळे उभे राहिले. एकाच पिकाची मैलोगणती सलग लागवड, त्यात खोडव्यावर खोडवा. एखाद्या रोगाला याहून सुपीक भूमी कोणती हवी?

त्यातच उसाची लागवड बियांपासून होत नाही, कांड्यांपासून होते. म्हणजे बेणे हे मूळ झाडाचाच तुकडा असते आणि झाडात असलेला रोगही त्या तुकड्याबरोबर प्रवास करतो. शिवाय वरून निरोगी दिसणाऱ्या उसातही हा रोग दडलेला असू शकतो. बैलगाडीतून पुढच्या गावी गेलेल्या बेण्याच्या मोळीतून काय चालले आहे, हे गाडीवानालाही ठाऊक नसे. शेतातल्या शेतात प्रसाराला रस शोषणारे तुडतुडे हातभार लावत, ते निराळेच.

आता कायद्याकडे वळू. वनस्पतींच्या रोगाला सीमेवर अडवण्याची कल्पना युरोपात द्राक्षांमुळे रुजली. फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर १८७८ मध्ये बर्न येथे अनेक राष्ट्रांनी करार केला. भारतात १९१४ साली ‘विनाशक कीटक व कीड अधिनियम’ आला. त्यामागची मोठी धास्ती अमेरिकेतील कापसाच्या बोंड-सोंड्याची होती. म्हणून अमेरिकन कापसाच्या गाठींना मुंबई बंदरात विषारी धुरी दिली जाई. हा पहारा समुद्राच्या बाजूचा होता. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या रोपांवर निर्बंध घालण्याचे अधिकार १९३८ च्या दुरुस्तीने मिळाले.

प्रांताच्या आतली जबाबदारी मात्र प्रांताचीच होती. मुंबई सरकारने १९४७ मध्ये ‘मुंबई कृषी कीड व रोग अधिनियम’ केला, बेलापूरच्या नोंदीच्या अवघी दोन वर्षे आधी. त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सरकार अधिसूचना काढून एखादा रोग ‘रोग’ म्हणून जाहीर करते, तो कोणत्या क्षेत्रात व किती काळ ते ठरवते, आणि त्या क्षेत्रात उपाय सक्तीचे करते. त्या क्षेत्रातून रोपे किंवा बेणे बाहेर नेण्यास मनाई करता येते. नोटीस देऊनही शेतकऱ्याने उपाय केला नाही, तर अधिकारी तो करून घेतात व खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो.

येथे माझे मत स्पष्ट मांडतो: कागदावर हे वर्तुळ सुरेख होते, पण त्याचा भार ज्याच्या शेतात रोग निघाला त्याच्याच खांद्यावर पडत होता. रोगी बेट उपटले की नुकसान आपले आणि फायदा शेजाऱ्याचा. अशा स्थितीत शेतकरी आपण होऊन रोग का सांगेल?

आणि काळही बदलत होता. कंपनीचे मळे एका व्यवस्थापनाखाली असल्याने तेथे एक आदेश पुरत असे. पण १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. आता ऊस हजारो लहान शेतकऱ्यांच्या बांधावर पसरला. सहकाराचे यश निर्विवाद आहे. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक शेतकरी स्वतंत्र सीमा ठरला.

रोगाचे कारणही दीर्घकाळ चकवत राहिले. प्रथम तो विषाणूचा समजला गेला. १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी वनस्पतींच्या अशा रोगांमागे भित्तिका नसलेले, जिवाणूसदृश सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले आणि समज बदलली. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात.

तोडगा बेण्यातच सापडला. ते सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या उष्ण बाष्पयुक्त हवेत काही तास ठेवले, तर ऊस जगतो आणि रोगकारकाचा बराच नायनाट होतो. त्यावर त्रिस्तरीय बेणे मळ्यांची पद्धत उभी राहिली: प्रक्रिया केलेले मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. मळ्यात रोगट बेट दिसताच ते उपटून टाकायचे आणि अशा उसाचा खोडवा ठेवायचा नाही. १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर संशोधनाचे केंद्र जिल्ह्यातच आले.

केळीच्या बाबतीत राज्याने वर्तुळाची दुसरी बाजूही पाहिली: १९६१ च्या सुमारास मोझॅक रोगामुळे महाराष्ट्र व गुजरातमधून केळीची रोपे बाहेर नेण्यास बंदी आली. म्हणजे तेथे इतर राज्ये संरक्षित क्षेत्र होती आणि आपण कुंपणाच्या आत.