तातडीचे उपचार: मिरजेची शाळा ते वडूजचा दवाखाना

सातारा-सांगली भागात रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना रीतसर शिकवायला सुरुवात झाली ती मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय तेथे १८९४ मध्ये उभे राहिले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून परिचारिकांची शाळा निघाली. परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये झाला, तर खासगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ मध्ये. दोन्हींचा भर नोंदणीवर होता. दारात आलेल्या अत्यवस्थ रुग्णाला आधी हात लावलाच पाहिजे, असे बंधन त्यानंतरही कित्येक वर्षे स्पष्ट नव्हते.

वडूजला ही उणीव फार जाचणारी होती. खटाव तालुक्याच्या या मुख्य गावापासून सातारा आणि कराड दोन्ही तासाभराच्या वाटेवर. अपघात म्हटला की ‘पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या’ हे उत्तर तेव्हा राज्यभर ठरलेले होते आणि उपचारांचा मोलाचा पहिला तास रस्त्यावरच सरायचा.

ही रीत मोडली ती सर्वोच्च न्यायालयाने. अपघातातील एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून वीस किलोमीटरवर पाठवले आणि तो वाटेतच दगावला. त्यावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे १९८९ मध्ये ठरले. १९९६ च्या पश्चिम बंगालमधील हकीम शेख यांच्या खटल्याने पुढचे पाऊल टाकले. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. न्यायालयाने २५,००० रुपये भरपाई दिलीच. शिवाय प्राथमिक केंद्रांपासून वर सगळीकडे प्रथमोपचाराची सोय आणि रुग्णवाहिका असाव्यात, असेही बजावले.

निकाल डॉक्टरच्या कर्तव्याविषयी होते. पण रात्री ग्रामीण रुग्णालयात रुग्णाला प्रथम भेटतात त्या ड्युटीवरच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय. त्यांना शिकवल्याशिवाय निकाल अपुरेच राहतात. सर्पदंशात हे ठळक दिसते. २००९ च्या राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरसे चावल्याचा दाट संशय. नळी धुताना साबणाचा अंश राहिला तरी निष्कर्ष चुकतो. लहान मुलालाही प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच, कारण सापाने सोडलेले विष वयाप्रमाणे कमी होत नाही. आणि प्रतिविषाची ॲलर्जी उठली तर ॲड्रेनालिन हाताशी भरून ठेवलेले हवे. या बाबी नुसत्या परिपत्रकाने अंगवळणी पडत नाहीत, पुन्हापुन्हा करवून घ्याव्या लागतात.

जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ सेवा सुरू झाली. तिच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सोयीच्या होत्या आणि गाडीतच डॉक्टर देण्याची योजना होती. उपचार आता वाटेतच सुरू होऊ लागले. साहजिकच, येणारा रुग्ण नीट ताब्यात घेणे हाही रुग्णालयातील प्रशिक्षणाचा विषय झाला. २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्क सनद आणली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी तातडीच्या जीवरक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू केला.