ससून, डेव्हिड

(ऑक्टोबर १७९२ – नोव्हेंबर १८६४). मुंबईतील सुप्रसिद्ध बगदादी ज्यू व्यापारी व दानशूर. जन्म बगदाद येथे. त्यांचे वडील तेथील पाशांचे खजिनदार व ज्यू समाजाचे प्रमुख होते. दाऊद पाशाच्या कारकीर्दीत ज्यूंचा छळ होऊ लागल्याने डेव्हिड यांनी बगदाद सोडले. इराणच्या आखातावरील बूशहर बंदरात काही काळ काढून १८३२ च्या सुमारास ते मुंबईस आले व तेथेच स्थायिक झाले. हन्ना व तिच्या मृत्यूनंतर फराह अशा दोन पत्नींपासून त्यांना आठ मुलगे झाले.

आखाती प्रदेशाशी असलेल्या जुन्या संबंधांच्या बळावर त्यांनी पेढी उभारली. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची बंदरे खुली होताच दुसरा मुलगा इलायस यास त्यांनी चीनला पाठविले (१८४४). पुढे इतर मुलांनीही हाँगकाँग, शांघाय येथील शाखांत अनुभव घेतला. कापड व सूत यांबरोबरच माळव्याची अफू चीनला पाठविणे हा पेढीचा मोठा व्यवसाय होता. चिनी जनतेस घातक ठरलेला हा व्यापार पेढीच्या संपत्तीचा एक प्रमुख आधार होता.

अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस बाजारात अभूतपूर्व तेजी आली. अमरावती, अकोला, खामगाव या वऱ्हाडी बाजारपेठांतील कापसास मोठी मागणी आली. लोहमार्ग पूर्ण होईपर्यंत तो बैलगाड्यांतून वाहून नेला जाई. या तेजीचा लाभ ससून पेढीस झाला. १८६५ च्या मंदीत मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. ससून पेढी मात्र टिकली.

डेव्हिड यांनी १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. तथापि बगदादी पोशाख व धर्माचार सोडला नाही. सही ते हिब्रू लिपीतच करीत. मुंबईतील बालसुधारगृह, ग्रंथालय व भायखळ्याचे सिनॅगॉग, तसेच पुण्यातील ससून रुग्णालय व ‘लाल देऊळ’ या नावाने ओळखले जाणारे ओहेल डेव्हिड सिनॅगॉग (दोन्ही १८६७ मध्ये पूर्ण) ही त्यांच्या दातृत्वाची स्मारके होत. पुणे येथे त्यांचे निधन झाले. लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे.

ज्येष्ठ पुत्र अब्दुल्ला उर्फ सर ॲल्बर्ट ससून (१८१८–९६) यांनी कुलाब्यास ससून गोदी बांधली (१८७५). १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. इलायस यांनी १८६७ मध्ये वेगळी पेढी काढली. त्यांचे पुत्र जेकब यांनी मुंबईत कापडगिरण्या चालविल्या. सॉलोमन यांच्या मृत्यूनंतर (१८९४) त्यांच्या पत्नी फराह उर्फ फ्लोरा यांनी मुंबईची पेढी काही वर्षे समर्थपणे सांभाळली. ॲल्बर्ट, रूबेन, आर्थर प्रभृती बंधू इंग्लंडमध्ये जाऊन राहिले व तेथील उच्चभ्रू समाजात मिसळले. लंडनच्या दोन वृत्तपत्रांचे संपादन करणाऱ्या रेचेल बीअर या डेव्हिड यांच्या नात, तर युद्धकवी सीगफ्रीड ससून हे पणतू होत.

आश्रयार्थ आलेल्या डेव्हिड यांनी मुंबईस आपले घर मानले. त्यांच्या बहुतेक मुलांच्या दृष्टीने मात्र ती इंग्लंडच्या वाटेवरील एक पायरी ठरली. वंशजांबरोबर या घराण्याची बरीचशी संपत्ती परदेशी गेली. महाराष्ट्रातील सामान्य जनांच्या तोंडी त्यांचे नाव आजही आहे, ते प्रामुख्याने रुग्णालय, ग्रंथालय व गोदी यांमुळे.